पेटंट-हक्कमागणीचा अन्वयार्थ

पेटंटाच्या विनिर्देशाच्या अखेरीस शोधकाने आपल्या अनन्य हक्काची सीमा ज्या विधानांनी आखलेली असते, त्या विधानांतील शब्दांचा कायद्याने ग्राह्य असा अर्थ ठरविणे, यास हक्कमागणीचा अन्वयार्थ लावणे असे म्हणतात. अशा विधानास हक्कमागणी ही संज्ञा असून वकिली व्यवहारात ‘क्लेम’ हा शब्दच अधिक रूढ आहे. त्यास ‘दावा’ असेही म्हटले जाते. परंतु त्या शब्दाने न्यायालयातील फिर्यादीचाही बोध होत असल्याने घोटाळा संभवतो. पेटंटभंग झाला आहे की नाही आणि पेटंट मुळात वैध आहे की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अन्वयार्थावर अवलंबून असतात. भ्रमणध्वनीच्या तंत्रविद्येत या प्रक्रियेला विशेष महत्त्व आले आहे. यंत्राचा दट्ट्या किंवा कुलपाची कळ न्यायाधीशापुढे मेजावर ठेवून दाखविता येते; संगणकीय आज्ञावली अथवा रेडिओ-संकेत यांचे तसे नाही. तेथे वादाचा विषय बहुतांशी शब्दांतच असतो आणि एखाद्या शब्दाच्या अर्थावर कोट्यवधी डॉलरांची नुकसानभरपाई ठरते किंवा बुडते.

विनिर्देश व हक्कमागणी : विनिर्देशाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन, आकृत्या व तो अंमलात आणण्याची शोधकाला ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धत दिलेली असते. दुसऱ्या भागात क्रमांकित हक्कमागण्या असतात. जमिनीच्या खरेदीखतात जमिनीचे वर्णन आणि चतुःसीमा या दोन्हींचा उल्लेख असतो, पण हक्क चतुःसीमांपुरताच असतो. हक्कमागणीचे स्थान या चतुःसीमांसारखे आहे. फरक इतकाच, की शेताचा बांध डोळ्यांना दिसतो व मोजणीदाराला तो मोजता येतो. शोधाचा बांध मात्र केवळ शब्दांचा असतो. शिवाय हे शब्द अर्ज करतेवेळी लिहिलेले असतात आणि त्यांची कसोटी पाहणारी वस्तू पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांनी, वेगळ्याच परिस्थितीत बाजारात येते.

हक्कमागणी ही पेटंट-पद्धतीच्या जन्मापासून आलेली नाही. जुन्या पेटंटांत केवळ वर्णन असे व शोधाचे सार काय, हे न्यायालय ठरवी. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने आणि इंग्लंडमध्ये १८८३ च्या कायद्याने हक्कमागणी आवश्यक केली. भारतात १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या कलम १० अन्वये संपूर्ण विनिर्देशाचा शेवट हक्कमागण्यांनी झाला पाहिजे आणि त्या स्पष्ट, संक्षिप्त व वर्णनावर रास्तपणे आधारलेल्या असल्या पाहिजेत, असे बंधन आहे.

हक्कमागणीत जितके घटक अधिक तितका हक्क आकुंचित, असा साधारण नियम आहे. भंग सिद्ध होण्यासाठी प्रतिवादीच्या वस्तूत हक्कमागणीतील प्रत्येक घटक शब्दशः किंवा समतुल्य रूपात आढळावा लागतो. एक घटक गळाला तरी भंग होत नाही. म्हणून पेटंटधारक शब्दांचा अर्थ ऐसपैस करू पाहतो. तथापि अर्थ फार ऐसपैस झाल्यास पूर्वीपासून ज्ञात असलेली तंत्रेही त्यात सामावतात आणि नावीन्याच्या अभावी पेटंटच रद्द होण्याचा धोका निर्माण होतो. मग तोच पेटंटधारक वैधतेच्या प्रश्नावर अर्थ आवळू लागतो. इटलीतील पेटंटविशारद मारिओ फ्रान्झोसी यांनी अशा पेटंटाला अंगोरा मांजराची उपमा दिली आहे : हल्ला करताना ते केस फुलवून मोठे होते व बचाव करताना अंग चोरते. जर्मनीत भंग व वैधता यांचा विचार सामान्यतः वेगवेगळ्या न्यायालयांत होत असल्याने हा धोका तेथे अधिक जाणवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये, डबाबंद कोळंबीच्या पेटंटासंबंधीच्या व्हाइट विरुद्ध डनबार या खटल्यात, हक्कमागणी म्हणजे हवे तिकडे वळविता येणारे मेणाचे नाक नव्हे, असे बजावले होते. एकाच शब्दाला भंगाच्या प्रश्नावर एक आणि वैधतेच्या प्रश्नावर दुसरा अर्थ देता येत नाही, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य आहे.

अर्थ लावण्याची साधने : शब्दाचा अर्थ सामान्य वाचकाच्या नव्हे, तर त्या विद्याशाखेतील साधारण कुशल व्यक्तीच्या दृष्टीने लावावयाचा असतो. त्यासाठी न्यायालय प्रथम हक्कमागणीची शब्दरचना, नंतर विनिर्देशातील वर्णन व आकृत्या आणि त्यानंतर अर्जाच्या छाननीच्या काळात पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार पाहते. हा पत्रव्यवहार पुष्कळदा निर्णायक ठरतो. कारण पेटंट पदरात पाडून घेण्यासाठी अर्जदाराने जो अर्थ त्या वेळी सोडून दिलेला असतो, तो पुढे प्रतिस्पर्ध्यावर खटला भरताना त्याला परत घेता येत नाही. शब्दकोश, पाठ्यपुस्तके व तज्ञांची साक्ष ही बाह्य साधने होत. त्यांचा क्रम शेवटचा.

शब्दकोशांचे हे दुय्यम स्थान वादातीत नव्हते. २००२ नंतर अमेरिकेत काही काळ शब्दकोशातील व्यापक अर्थापासून प्रारंभ करण्याचा प्रघात पडला होता. फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच या खटल्यात फेडरल सर्किट अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये तो मोडून काढला. हे पेटंट तुरुंगासारख्या इमारतींसाठी बनविलेल्या पोलादी भिंतींचे होते व ‘बॅफल’, म्हणजे भिंतीच्या पोकळीतील आडव्या पट्ट्या, या शब्दाचा अर्थ वादग्रस्त होता. अशी पट्टी भिंतीशी काटकोनात असली तर ती बॅफल ठरते काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने केलेली मीमांसा लक्षणीय आहे. एका दुय्यम हक्कमागणीत या पट्ट्या बंदुकीच्या गोळ्या परतविता येतील अशा कोनात बसविलेल्या असाव्यात, अशी जादा अट होती. मूळ शब्दातच तो कोन गृहीत असता, तर ही जादा अट निरर्थक ठरली असती. म्हणून मूळ शब्द व्यापक समजला पाहिजे. दोन हक्कमागण्यांतील फरकाला अर्थ असला पाहिजे, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण होय.

विनिर्देशाच्या प्रकाशात हक्कमागणी वाचणे आवश्यक असले, तरी विनिर्देशातील उदाहरण हक्कमागणीत घुसडणे निषिद्ध आहे. ऐकायला हा भेद सोपा वाटतो. व्यवहारात तो करणे फार कठीण जाते आणि अपिलांतील बहुतेक मतभेद याच ठिकाणी उद्भवतात. शोधकाने वर्णिलेले एकमेव रूप हे त्याच्या शोधाचे केवळ उदाहरण आहे की तोच त्याचा शोध आहे, हे ठरविण्याचे यांत्रिक गमक उपलब्ध नाही.

इंग्लंडमध्ये शब्दनिष्ठ अर्थाऐवजी हेतूनुसारी अर्थ लावण्याची परंपरा कॅटनिक विरुद्ध हिल अँड स्मिथ या खटल्यातील हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या निर्णयाने (१९८०) दृढ झाली. दारे-खिडक्यांवरील पोलादी तुळईचा मागील आधार ‘उभा’ असावा, असे हक्कमागणीत म्हटले होते. प्रतिवादीने तो ६ ते ८ अंशांनी कलता ठेवला होता. लॉर्ड डिप्लॉक यांनी असे म्हटले, की बांधकामातील जाणकार माणूस ‘उभा’ हा शब्द भूमितीतील काटेकोर अर्थाने वाचणार नाही. भार पेलण्याचे कार्य तितक्याच चांगल्या रीतीने होत असल्यामुळे भंग झालेला आहे. १९७३ च्या यूरोपीय पेटंट करारातील अनुच्छेद ६९ व त्यास जोडलेला मसुदा यांनीही शब्दाला चिकटून राहणे आणि शब्द केवळ मार्गदर्शक मानणे या दोन टोकांमधील मध्यम मार्ग सांगितला आहे. हक्कमागणी वरवर सुस्पष्ट दिसत असली, तरी वर्णन व आकृत्या यांचा आधार नेहमीच घेतला पाहिजे, असा निर्णय यूरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने जून २०२५ मध्ये दिला.

अर्थ कोणी ठरवावयाचा? : इंग्लंड, भारत इ. देशांत पेटंटाच्या खटल्यात ज्यूरी नसल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र तो मूलभूत ठरला. कायद्याचा प्रश्न न्यायाधीशाने व वस्तुस्थितीचा प्रश्न ज्यूरीने सोडवावयाचा, अशी तेथील विभागणी आहे. मार्कमन विरुद्ध वेस्टव्ह्यू इन्स्ट्रुमेंट्स हा खटला कपडे धुलाईच्या दुकानांत कपड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेसंबंधीचा होता. ‘इन्व्हेंटरी’ या शब्दाने प्रत्यक्ष कपड्यांची नोंद अभिप्रेत आहे, की पावत्या व रोख रकमेची नोंदही पुरेशी आहे, एवढाच वाद होता. ज्यूरीने भंग झाल्याचा कौल दिला. न्यायाधीशाने तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एकमताने असे ठरविले, की लेखी दस्तऐवजाचा अर्थ लावण्यात न्यायाधीश अधिक निष्णात असतात व देशभर अर्थाची एकरूपता राहणेही इष्ट आहे. म्हणून हा प्रश्न न्यायाधीशाचा आहे. तेव्हापासून ज्यूरीपुढील सुनावणीआधी केवळ शब्दार्थ ठरविण्यासाठी जी स्वतंत्र सुनावणी होते, ती ‘मार्कमन सुनावणी’ या नावाने ओळखली जाते.

या निर्णयातून अपिलासंबंधीचा पुढील प्रश्न निघाला. अर्थ हा कायद्याचा प्रश्न असेल, तर अपील न्यायालयाला खालच्या न्यायाधीशाच्या मताची मुळीच तमा न बाळगता तो नव्याने ठरविता येतो. पेटंटविषयक अपिलांसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९९८ मध्ये हीच भूमिका घेतली. परिणामी जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेला खटला अपिलात एका शब्दाचा अर्थ बदलल्याने पुन्हा पहिल्या पायरीवर येई, अशी तक्रार वकीलवर्गातून होऊ लागली. टेव्हा विरुद्ध सँडोझ या औषधविषयक खटल्यात ‘रेणुभार’ या शब्दाचे तीन शास्त्रीय अर्थ संभवत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी असा तोल साधला, की केवळ पेटंटातील मजकुरावरून लावलेला अर्थ अपिलात नव्याने तपासता येईल. परंतु तज्ञांच्या साक्षीवरून खालच्या न्यायालयाने काढलेले वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष उघड चूक असल्याखेरीज बदलता येणार नाहीत.

भ्रमणध्वनीविषयक अपिले : भ्रमणध्वनी हे एकच यंत्र असले, तरी रेडिओ-प्रक्षेपण, ध्वनीचे संकेतन, स्पर्शपटल, संदेशवहन, नकाशे अशा अनेक स्वतंत्र विद्याशाखांतील शोध त्यात एकत्र आलेले असतात. त्यांतील काही पेटंटे दूरसंचाराच्या सर्वमान्य मानकांशी निगडित असतात. अशा पेटंटाच्या हक्कमागणीतील शब्द मानकाच्या मजकुराशी पडताळले जातात व शब्दाचा अर्थ थोडा हलला, तरी संबंध उद्योगाने द्यावयाचे परवानाशुल्क बदलते.

इंटरडिजिटल कंपनीने नोकियाविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे नेलेले प्रकरण या प्रकारात मोडते. सीडीएमए पद्धतीत अनेक हस्तसंच एकाच कंप्रता-पट्ट्यात एकाच वेळी प्रक्षेपण करतात. त्यामुळे एखाद्या हस्तसंचाने आवश्यकतेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण केल्यास इतरांचे संकेत त्याच्याखाली दबून जातात. यावर उपाय असा, की संपर्क साधू पाहणाऱ्या हस्तसंचाने प्रथम मंद शक्तीने छोटे संकेत पाठवावेत व तळ-केंद्राकडून प्रतिसाद मिळेपर्यंत शक्ती पायरीपायरीने वाढवीत न्यावी. हक्कमागणीत या संकेतासाठी ‘कोड’ हा शब्द होता. आयोगाने त्याचा अर्थ संदेशाचा वर्णपट विस्तृत करणाऱ्या विशिष्ट संकेतापुरता मर्यादित केला आणि नोकियाने भंग केला नाही असे ठरविले. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी हा अर्थ अमान्य केला. शब्दाचा स्वाभाविक अर्थ व्यापक असून विनिर्देशात तो संकुचित केल्याचे दिसत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. चार अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दावर त्या हस्तसंचांच्या आयातीचा प्रश्न अडला होता.

‘ॲनलायझर सर्व्हर’ : शब्दार्थ, वस्तुस्थिती व अपिलाची मर्यादा या तिन्हींचा गुंता एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, तर ॲपल कंपनीच्या ५९४६६४७ क्रमांकाच्या अमेरिकी पेटंटाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. हे पेटंट १९९६ मध्ये केलेल्या अर्जावर १९९९ मध्ये मिळाले. म्हणजे आजच्या स्वरूपाचा स्मार्टफोन अवतरण्याच्या पुष्कळ आधीचे ते आहे. संगणकावरील मजकुरात दूरध्वनी क्रमांक, पत्ता, तारीख अशा ओळखू येण्याजोग्या रचना शोधून त्यांना योग्य त्या क्रिया जोडणे, हा त्याचा विषय. पत्रातील क्रमांकाला स्पर्श करताच तो लावावा की नोंदवून ठेवावा असे पर्याय पटलावर उमटतात, ही आज सर्वपरिचित असलेली सोय या विषयात मोडते. रचना शोधणे व त्यांना क्रिया जोडणे हे काम ‘ॲनलायझर सर्व्हर’ म्हणजे विश्लेषक सर्व्हर करतो, असे हक्कमागणीत म्हटले होते. याच पेटंटाच्या आधारे आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०११ मध्ये तैवानच्या एचटीसी कंपनीच्या काही संचांच्या आयातीस बंदी केली होती.

सर्व्हर म्हणजे काय? मोटोरोलाविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी असा अर्थ दिला, की ग्राहक-आज्ञावलीपासून अलग असलेला व तिच्याकडून रचनायुक्त मजकूर स्वीकारणारा आज्ञाक्रम म्हणजे हा सर्व्हर होय. पोस्नर हे वस्तुतः अपील न्यायालयाचे न्यायाधीश. परंतु हा खटला त्यांनी शिकागो येथील जिल्हा न्यायालयात मुद्दाम चालवावयास घेतला होता व जून २०१२ मध्ये तो निकालात काढला. ‘अलग’ ही अट हक्कमागणीत नाही, असे ॲपलचे म्हणणे होते. फेडरल सर्किट न्यायालयाने २५ एप्रिल २०१४ रोजी पोस्नर यांचा अर्थ कायम केला. सर्व्हर या शब्दातच सेवा देणारा व घेणारा असे दोन पक्ष गृहीत आहेत, शिवाय विनिर्देशातही तो ग्राहक-आज्ञावलीहून निराळा दाखविला आहे, अशी कारणे न्यायालयाने दिली. त्याच निर्णयात दुसऱ्या एका पेटंटातील ‘ह्युरिस्टिक’ या शब्दाचा पोस्नर यांनी लावलेला अर्थ मात्र फिरविण्यात आला.

योगायोग असा, की त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे ॲपल विरुद्ध सॅमसंग हा खटला ज्यूरीपुढे शेवटच्या टप्प्यात होता आणि त्यातही हेच पेटंट गुंतलेले होते. तेथे या शब्दाचा साधा, रूढ अर्थ घ्यावा असे धरून पुरावा झाला होता. अपील न्यायालयाचा अर्थ जाहीर झाल्यावर न्यायाधीश ल्यूसी को यांनी दोन्ही पक्षांना तज्ञांची जादा साक्ष नोंदविण्याची संधी दिली व नवा अर्थ ज्यूरीस सांगितला. मे २०१४ मध्ये ज्यूरीने ॲपलला ११,९६,२५,००० डॉलर नुकसानभरपाई ठरविली. तीपैकी ९,८६,९०,६२५ डॉलर केवळ या एका पेटंटापोटी होते.

अपिलातील वादाचे स्वरूप समजण्यासाठी सॅमसंगच्या संचातील रचना लक्षात घेतली पाहिजे. तेथे रचना शोधणारे आदेश एका सामायिक आज्ञासंग्रहात ठेवलेले होते व न्याहाळक, संदेशवहन इ. आज्ञावली गरजेनुसार त्यांचा वापर करीत. गिरणी आणि जाते यांच्या दृष्टांताने हे स्पष्ट करता येईल. गिरणीत गिऱ्हाईक धान्य देतो व पीठ घेतो. दळणारा निराळा असतो. वाड्यातील सामायिक जाते एकाच जागी असते, पण ज्या घरचे दळण असेल त्या घरचेच माणूस ते ओढते. सॅमसंगच्या तज्ञाच्या मते सामायिक आज्ञासंग्रह हे जाते होते : तो स्वतः होऊन चालत नाही, वापराच्या वेळी तो ग्राहक-आज्ञावलीचाच भाग बनतो. ॲपलच्या तज्ञाने सांगितले, की हे आदेश प्रत्येक आज्ञावलीत उतरवून घेतले जात नाहीत, ते एकाच ठिकाणी राहतात व ग्राहक-आज्ञावली त्यांच्याकडे जाते. म्हणून ते अलगच आहेत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने सॅमसंगची बाजू उचलून धरली. नुसते वेगळ्या जागी साठविलेले असणे पुरेसे नाही, सर्व्हर स्वतंत्रपणे चालणारा असला पाहिजे, असे म्हणून ज्यूरीचा कौल त्याने रद्द केला आणि सरकवून कुलूप उघडणे व शब्द आपोआप दुरुस्त करणे यांविषयीची ॲपलची दोन पेटंटेही अवैध ठरविली. परंतु ऑक्टोबर २०१६ मध्ये पूर्णपीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी ज्यूरीचा कौल पुन्हा प्रस्थापित केला. न्यायाधीश किंबर्ली मूर यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा गाभा असा : शब्दाचा अर्थ आधीच्या अपिलात ठरला होता, उभय पक्षांना तो मान्य होता व कोणीही त्याविरुद्ध अपील केलेले नव्हते. सॅमसंगचे आदेश त्या अर्थाने ‘अलग’ आहेत की नाहीत, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता. ज्यूरीने दोन्ही तज्ञांना ऐकून एकावर विश्वास ठेवला व त्यास पुरेसा पुरावा होता. ज्या बाह्य साधनांचा खटल्याच्या कागदपत्रांत समावेशच नव्हता, त्यांच्या आधारे ठरलेला अर्थ पीठाने अपिलात बदलावयास नको होता. विरुद्ध मत देणाऱ्यांत मूळ पीठाचा निर्णय लिहिणारे न्यायाधीश टिमथी डाइक हेही होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि प्रकरण संपले.

या निर्णयाने शब्दाचा अर्थ व त्या अर्थाची वस्तूला लागू पडण्याची क्रिया या दोहोंत रेघ ओढली, पण ती रेघ वाटते तितकी ठळक नाही. ‘अलग’ म्हणजे निराळ्या जागी की स्वतंत्रपणे चालणारा, हा प्रश्न शब्दार्थाचा मानला तर तो न्यायाधीशाचा होतो. लागू करण्याचा मानला तर ज्यूरीचा. न्यायालयाने दिलेल्या अर्थातील शब्दांनाही पुन्हा अर्थ लावावा लागतो आणि ही साखळी कोठे तोडावयाची, हे पुष्कळदा पक्षकारांनी कोणता मुद्दा केव्हा उपस्थित केला यावर ठरते. सॅमसंगने ‘अलग’ या शब्दाचा खुलासा वेळीच मागितला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

भारतातील स्थिती : हक्कमागणीच्या अन्वयार्थासंबंधी येथील मूळ आधार म्हणजे विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निर्णय होय. धातूची भांडी कातताना ती यंत्रावर धरून ठेवण्याच्या साधनाचे ते पेटंट होते व नावीन्याच्या अभावी ते टिकले नाही. आधी हक्कमागणी वाचून मग वर्णनाकडे वळू नये. प्रथम वर्णन वाचून मनाची तयारी करावी व नंतर हक्कमागणी वाचावी, हा इंग्लंडमधील जुना नियम या निर्णयात स्वीकारला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये, छेडछाड केल्यास लक्षात येणाऱ्या कुलूपवजा मोहरांच्या प्रकरणात, समतुल्यतेच्या तत्त्वाचा ऊहापोह केला. मुंबईच्या सिप्ला कंपनीविरुद्ध रोश कंपनीने दाखल केलेल्या कर्करोगाच्या औषधासंबंधीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०१५ मध्ये हक्कमागणीचा अर्थ लावण्याचे नियम एकत्र मांडले. औषधाचे विशिष्ट स्फटिकरूप विकले तरी मूळ संयुगाच्या हक्कमागणीचा भंग होतोच, असे ठरवून त्याने एकल न्यायाधीशाचा निर्णय फिरविला. परंतु पेटंटाची मुदत संपत आल्याने मनाई हुकूम दिला नाही.

भारतातील पेटंट-दाव्यांची खरी लढाई पुष्कळदा अंतरिम मनाई हुकमाच्या वेळीच होते. पुण्याच्या बजाज ऑटोने टीव्हीएस कंपनीविरुद्ध दोन ठिणगी-प्लगांच्या इंजिनाबाबत मद्रास उच्च न्यायालयात २००८ मध्ये असा हुकूम मिळविला व २००९ मध्ये तो अपिलात गमावला. अंतरिम टप्प्यावर पुरावा झालेला नसल्याने शब्दांचा अर्थ तात्पुरता, प्रतिज्ञापत्रांवरून लावावा लागतो. शिवाय वाँडर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) या निर्णयानुसार, खालच्या न्यायालयाने स्वेच्छाधिकार मनमानीने वापरला असल्याखेरीज अपील न्यायालय अशा हुकमात हात घालत नाही. तात्पुरता म्हणून लावलेला अर्थ अशा रीतीने वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि तोवर त्या वस्तूचा बाजारातील काळ संपून जातो. भ्रमणध्वनीसारख्या झपाट्याने जुन्या होणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा दोष गंभीर म्हटला पाहिजे.

२००२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या कलम ३ मध्ये नुसत्या संगणक-आज्ञावलीस व गणनविधीस पेटंट नाकारणारे जे उपकलम आले, त्यामुळे भारतात हक्कमागणीची भाषा यंत्रणा, उपकरण किंवा पद्धती यांच्या रूपात लिहिली जाते. मग हक्कमागणी खरोखर उपकरणाची आहे की उपकरणाचे नाव घेतलेल्या गणनविधीची, हा अन्वयार्थाचा आणखी एक प्रश्न उभा राहतो. एरिक्सन कंपनीने भारतीय हस्तसंच-उत्पादकांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यांत, ध्वनीच्या संकेतनासंबंधीच्या पेटंटांबाबत, तो प्रामुख्याने उपस्थित झाला. त्यांपैकी लाव्हा कंपनीविरुद्धच्या दाव्याचा पूर्ण सुनावणीनंतरचा निकाल मार्च २०२४ मध्ये लागला. आठ पेटंटांपैकी सात वैध ठरली, एक अवैध ठरले आणि सुमारे २४४ कोटी रुपयांची नुकसानभरपाई मंजूर झाली. अशा दाव्यांत न्यायालयास कलम ११५ अन्वये स्वतंत्र शास्त्रीय सल्लागार नेमता येतो. शब्दाचा अर्थ कायद्याने काय होतो, हे मात्र त्याला विचारता येत नाही.